बसची काच: काय पुसता येतं, काय घासावं लागतं, काय बदलावंच लागतं

नाशिकच्या सिटीलिंक या शहर बसमध्ये किंवा एसटीच्या लालपरीत खिडकीशी जागा मिळाली, की काचेतून बाहेर पाहण्याआधी काचेवरचं वाचावं लागतं. बदामात कोंबलेली दोन नावं, मार्करने लिहिलेला मोबाइल नंबर, 'घरबसल्या कमवा'चं अर्धवट फाटलेलं स्टिकर, कोपऱ्यात बोटाने पुसलेला चुना. प्रवाशाला हे सगळं एकाच जातीचं वाटतं. काच साफ करणाऱ्यासाठी मात्र त्यात दोन अगदी वेगळी कामं आहेत. काही खुणा काचेवर बसलेल्या असतात आणि काही काचेत कोरलेल्या असतात. पहिल्या काढायच्या म्हणजे काचेवर चिकटलेला परका पदार्थ उचलायचा. दुसऱ्या काढायच्या म्हणजे काचच थोडी झिजवायची.

हा फरक न ओळखता हात चालवला, की पुसून गेली असती अशा खुणेच्या जागी कायमचा चरा येतो. बसच्या काचा नीट पाहिल्या तर माझं मत असं झालं आहे, की लिहिणाऱ्यांपेक्षा चुकीच्या पुसण्याने त्या जास्त खराब होतात. यात पुसणाऱ्याला दोष देता येत नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, एका कोरड्या फडक्यावर, आख्खी बस उरकायची म्हटल्यावर दुसरं काय होणार?

आधी ओळख पटवा

बोटाचं नख खुणेवरून आडवं फिरवा. नखाला उंचवटा लागला तर तो रंग, गोंद किंवा चुना आहे. नख खाचेत अडलं तर चरा खोल आहे. नखाला काहीच जाणवत नाही, पण डोळ्यांना रेघ दिसते, तर चरा उथळ आहे किंवा काचेवर क्षारांचा पातळ थर आहे.

या शेवटच्या दोघांत गल्लत होते आणि त्याचं कारण पाणी. काच ओली केली की दोन्ही दिसेनासे होतात. कोरड्या चऱ्यात हवा असते. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, १ आणि काचेचा सुमारे १.५. एवढ्या फरकामुळे चऱ्याच्या खडबडीत कडांवर प्रकाश विखुरतो आणि रेघ पांढरी चमकते. चऱ्यात पाणी शिरलं की हवेची जागा १.३३ अपवर्तनांकाचं माध्यम घेतं, फरक कमी होतो, प्रकाश बराचसा सरळ जातो आणि रेघ गायब झाल्यासारखी वाटते. म्हणून धुतलेली बस डेपोतून निघताना काचा लख्ख दिसतात आणि द्वारका सर्कलपर्यंत त्या वाळल्या, की सगळे चरे जागच्या जागी परत येतात. काम झालं की नाही हे ओल्या काचेवर कधीही ठरवू नये. पूर्ण वाळवून, तिरप्या उजेडात बघावं.

क्षार आहेत की चरा, हे ठरवायला पांढऱ्या व्हिनेगरचा किंवा पाण्यात विरघळवलेल्या लिंबूसत्त्वाचा एक थेंब पुरतो. डागावर ठेवा, काही मिनिटं थांबा, धुवा, वाळवा. तेवढाच भाग स्वच्छ झाला तर तो क्षार होता. बोअरवेलच्या जड पाण्याने बस धुतली आणि उन्हात तशीच वाळू दिली, की थेंबाथेंबाचे गोल डाग काचभर उमटतात ते हेच. चऱ्यावर व्हिनेगरचा काही परिणाम होत नाही.

तिसरी गोष्ट तपासायची ती म्हणजे समोर काच आहे की प्लास्टिक. बसच्या खिडक्या काचेच्या असतात, पण बसथांब्यावरचं पारदर्शक पॅनेल, मार्गाच्या नकाशावरचं झाकण हे पुष्कळदा ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचं असतं. नाण्याने हलकेच वाजवलं की काच टणटणते, प्लास्टिकचा आवाज बसका येतो. प्लास्टिकवर थिनर किंवा ॲसिटोन लावलं तर रंग निघतो, पण त्याबरोबर पॅनेल दुधाळ होतं किंवा बारीक भेगांनी भरतं आणि ते परत येत नाही. तिथे साबणाचं पाणी आणि मऊ कापड, आणि फार झालं तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. तेही आधी एका कोपऱ्यात लावून बघून.

काचेवर बसलेलं

स्प्रे-पेंटने आख्खा डबा रंगवण्याचा प्रकार आपल्याकडे अजून विरळा आहे. २०२२ मध्ये अहमदाबाद मेट्रोच्या डब्यांवर असं रंगकाम केल्याबद्दल चार इटालियन तरुणांना अटक झाली तेव्हा त्याची देशभर बातमी झाली, ती या विरळपणामुळेच. आपल्या बसमधली खरी गर्दी आहे ती मार्कर, व्हाइटनर, स्टिकर, चुना आणि थुंकी यांची.

चुन्यापासून सुरुवात करतो, कारण त्याच्याकडे कुणी विद्रूपीकरण म्हणून बघतच नाही. तंबाखू मळून झाली की बोटावर उरलेला चुना काचेच्या कडेला, चौकटीला किंवा पुढच्या सीटच्या पाठीला पुसायची सवय सगळ्यांनी पाहिलेली आहे. हा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ओला आहे तोवर साध्या पाण्याने जातो. तसाच राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे चुनखडी ज्याची बनलेली असते तोच पदार्थ. तो पाण्याला दाद देत नाही. शिवाय चुना तीव्र अल्कधर्मी आहे आणि अल्कली काचेला सावकाश खाते. खूप दिवस राहिलेला चुना काढल्यावर खाली धुरकट ठसा दिसला, तर तो काचेलाच झालेला आहे. जुना चुना कोरडा खरवडू नये, कारण त्यात धुळीचे कण अडकलेले असतात. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं कापड त्यावर काही मिनिटं ठेवलं की तो बारीक बुडबुडे सोडत विरघळतो. नंतर भरपूर पाणी. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर हे पाणी रेंगाळू देऊ नये.

संडास धुण्याचं ॲसिड यासाठी वापरलेलं मी पाहिलं आहे. ते चुना काढतं हे खरं, पण त्याच्या वाफा बंद बसमध्ये श्वासाला वाईट आणि चौकट, स्क्रू, रबर सगळ्यांवर त्याचा मारा होतो. त्याहून धोक्याची आहेत गंज काढायची काही द्रावणं. त्यांत फ्लोराइडचं आम्ल असू शकतं आणि काच खाणारं आम्ल हेच. ते त्वचेतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला बांधून टाकतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. बाटलीवर हायड्रोफ्लोरिक किंवा बायफ्लोराइड असं काही लिहिलेलं असेल तर ती बाटली बसजवळ आणूच नये. काही देशांत याच रसायनाने खिडक्यांवर मुद्दाम नावं लिहितात आणि अक्षरं दुधी काचेसारखी पांढरी उमटतात. तसं लिखाण दिसलं आणि ते अजून ओलं असेल, तर हात लावू नये, कुणाला जवळ बसू देऊ नये. चुकून लागलंच तर भरपूर पाण्याने धुवत राहून लगेच रुग्णालय गाठावं आणि काय लागलं ते डॉक्टरांना आधी सांगावं.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याचे ओघळ बसच्या काचांवर आहेतच. काताचा रंग चुन्याच्या अल्कलीत लाल होतो. काचेला रंध्रं नसतात, त्यामुळे काचेवरून हा डाग पाणी आणि डिटर्जंटने पूर्ण निघतो. अडतो तो काचेभोवतीच्या रबरी बीडिंगमध्ये आणि सांध्यात. तिथे मऊ ब्रश लागतो. आणि हातमोजे लागतातच. दुसऱ्याची थुंकी उघड्या हाताने पुसायला लावणं ही कुठल्याही संस्थेला न शोभणारी गोष्ट आहे.

मार्करच्या शाईला स्पिरिट किंवा सॅनिटायझर पुरतो. मात्र कापडावर घेऊन बाहेरून आत पुसावं, नाहीतर शाई पसरते आणि बीडिंगमध्ये शिरते. व्हाइटनर पूर्ण वाळलेला असेल तर ओल्या काचेवरून पातीने (ब्लेडने) पापुद्र्यासारखा उचलता येतो. स्प्रे-पेंट असेल तर वेळेला महत्त्व आहे. काही रंग हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून दिवसेंदिवस घट्ट होत जातात. पहिल्या दिवशी फडक्याने निघणारा रंग आठवड्याने पातीशिवाय हलत नाही. थिनर, ॲसिटोन वापरायचं झालं तर बस उभी, दारं-खिडक्या उघडी, आसपास विडी-सिगारेट नाही, आणि कापड जेमतेम ओलसर. बाटली थेट काचेवर ओतली की ओघळ रबरात जातो आणि रबर फुगतं.

स्टिकर काढायला नाशिकचा एप्रिल-मे फार सोयीचा. दुपारच्या उन्हात गोंद मऊ पडतो. कागदी स्टिकरवर साबणाच्या पाण्याने भिजवलेलं कापड पंधरा-वीस मिनिटं चिकटवून ठेवलं की कागद सुटतो. मागे राहिलेला चिकटा टर्पेंटाइनने किंवा चक्क खोबरेल तेलाने निघतो. त्यानंतर डिटर्जंटने धुवायलाच हवं, कारण तेलाचा थर राहिला तर संध्याकाळपर्यंत त्यावर रस्त्याची धूळ बसलेली असते. स्पिरिट-थिनरचं काम मात्र भर उन्हात करू नये. ते डाग विरघळायच्या आत उडून जातं.

आता पातीबद्दल. नवी पाती, काच साबणाच्या पाण्याने पूर्ण ओली, पाती काचेला सुमारे तीस अंशांत टेकलेली आणि ढकलायची फक्त पुढे. मागे आणताना उचलायची. गंजलेली किंवा दात पडलेली पाती पहिल्याच हातात चरा काढते. इतकी काळजी घेऊनही कधी कधी टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या, काचेवर लांबलचक चरे येतात आणि काम करणाऱ्यावर ठपका येतो. त्याचं कारण बऱ्याचदा काचेच्या कारखान्यात असतं. टफन करताना काच भट्टीत सिरॅमिकच्या फिरत्या रुळांवरून (रोलरवरून) जाते. रुळांवर काचेचे बारीक कण राहिलेले असले तर ते तापलेल्या काचेच्या त्या बाजूला चिकटून बसतात. डोळ्यांना दिसत नाहीत. पाती त्यांना उखडते आणि तोच कण काचभर ओढत नेते. म्हणून आधी एका कोपऱ्यात ओल्या काचेवर पाती हलकेच फिरवून कान द्यावा. खरखर ऐकू आली तर त्या बाजूला धातूची पाती वापरू नये, प्लास्टिकची घ्यावी. भांडी घासायची तारेची घासणी तर कुठल्याच बाजूला नको.

चरा येतो कशाने

फ्रीडरिश मोस या खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची १ ते १० अशी श्रेणी मांडली. वरच्या अंकाचा पदार्थ खालच्या अंकाच्या पदार्थावर चरा काढू शकतो. खिडकीची काच सुमारे साडेपाच. तांब्याचं नाणं तीनच्या आसपास. पितळी किल्ली तीन ते चार. म्हणजे साधी किल्ली स्वच्छ काचेवर कितीही घासली तरी कोरू शकत नाही, फार तर धातूची रेघ मागे ठेवते आणि ती पुसता येते. चांगलं कडक केलेलं पोलाद काचेला भारी पडतं. सिरॅमिकचा तुकडाही. आणि गारगोटीचा खडा तर सहज, कारण तिचा कठीणपणा ७ आहे.

इथे नाशिकची जमीन गोष्टीत येते. आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातलं फेल्डस्पार हे खनिज ६ च्या आसपास आहे, म्हणजे काचेपेक्षा कठीण. लाव्हा थंड होताना राहिलेल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे खनिजं भरत गेली. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींची झिओलाइटं त्यामुळेच जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने मांडलेले आहेत. झिओलाइटं काचेपेक्षा मऊ असतात, पण अशाच पोकळ्यांत क्वार्ट्झ आणि अकीकही भरलेले असतात आणि ते ७ च्या घरातले. खडी फुटते, रस्ता झिजतो, बांधकामाची वाळू उडते आणि हे सगळे कण धुळीत मिसळून बसच्या काचेवर येऊन बसतात. त्या धुळीवर कोरडं फडकं दाबून फिरवलं, की फडक्याखाली अडकलेला प्रत्येक कठीण कण एक चरा काढतो. एका वेळी दिसत नाही. दोन पावसाळे गेले की काच उन्हात धुरकट दिसू लागते आणि आपण म्हणतो, जुनी झाली.

सरकत्या खिडक्यांचा वेगळाच त्रास आहे. खालच्या चॅनेलमध्ये, म्हणजे काच ज्या खाचेतून सरकते तिथे, माती साठते, चॅनेलमधलं मऊ अस्तर झिजलेलं असतं आणि प्रत्येक प्रवासी काच सरकवतो तेव्हा ती माती काचेला घासते. आडव्या, एकमेकींना समांतर, सरळ रेघा खिडकीच्या खालच्या किंवा कडेच्या पट्ट्यात दिसल्या तर कुणी पोरांनी ओरखडे काढले असं समजू नका. ते चॅनेलचं काम आहे. अशी काच बदलली आणि चॅनेल तसंच ठेवलं, तर नव्या काचेचीही काही महिन्यांत तीच गत होते.

समोरच्या काचेवर वायपरमुळे कमानीसारखे चरे येतात. पहिल्या पावसाच्या आधी, काचेवर धूळ असताना कोरडा वायपर फिरवल्याची ती खूण. दिवसा ते फारसे जाणवत नाहीत. संध्याकाळी त्र्यंबक रोडने मावळतीकडे निघालेल्या चालकाला विचारा. सूर्य समोर आला की प्रत्येक चरा पेटतो आणि रस्त्यावरचा माणूस त्या झगमगाटात हरवतो.

चरा भरता का येत नाही

गाडीच्या समोरच्या काचेला खडा लागून झालेल्या फुटीत रेझिन भरतात. त्याचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास असतो, त्यामुळे फूट बरीच लपते. चऱ्यात हे नीट जमत नाही. चरा उघडा आणि उथळ असतो, भरलेलं रेझिन पुसण्या-धुण्यात निघून जातं. म्हणून चरा घालवायचा एकच खरा मार्ग उरतो. शेतात एक खड्डा आहे आणि बुजवायला माती नाही, तर आजूबाजूचं शेतच उतरतं करत त्या पातळीला आणावं लागेल. काचेचं पॉलिशिंग म्हणजे हेच. चऱ्याच्या तळापर्यंत भोवतालची काच झिजवायची, आणि उतार इतका सावकाश ठेवायचा की डोळ्यांना कळू नये.

उथळ चऱ्याला सेरियम ऑक्साइड वापरतात. फिकट पिवळसर किंवा गुलाबीसर पूड, पाण्यात कालवून दाट घोळ करायचा, नमद्याच्या पॅडवर घ्यायचा, हळू गतीच्या मशीनवर फिरवायचा. सेरियम हा दुर्मीळ मृदा धातूंपैकी एक आणि केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सापडणाऱ्या मोनाझाइट या खनिजात तो असतो. चष्म्याच्या भिंगांना, आरशांना पूर्वी 'रूज' म्हणजे आयर्न ऑक्साइडने चकाकी देत. सेरियमने ती जागा घेतली, कारण तो कितीतरी लवकर काम करतो. गंमत अशी की तो काचेपेक्षा फार कठीण नाही. तो काच नुसती खरवडत नाही. पाण्यामुळे काचेचा अगदी वरचा थर किंचित मऊ पडतो, सेरियमचे कण त्यातल्या सिलिकाशी क्षणभर रासायनिक बंध जुळवतात आणि पॅड पुढे सरकताना तो अतिसूक्ष्म थर सोबत नेतात. म्हणून पाणी हा या कामाचा अर्धा भाग आहे. घोळ वाळला की झीज थांबते, नुसती उष्णता वाढते. एकाच जागी पॅड दाबून धरलं तर काच तापते आणि तडकूही शकते. हाताला काच कोमट लागली तर चालेल, गरम लागली तर थांबायचं.

नखाला अडणारा चरा सेरियमने जात नाही, तासभर फिरवलं तरी. त्याला आधी सिलिकॉन कार्बाइडच्या चकत्या लागतात. खरबरीत, मग मध्यम, मग बारीक. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याचे ओरखडे घालवतो आणि स्वतःचे बारीक ओरखडे ठेवतो. शेवटी सेरियम. यातला एकही टप्पा गाळला, की चरा जातो आणि त्या जागी धुक्याचा गोळा राहतो, जो चऱ्यापेक्षा वाईट दिसतो. पॉलिश फक्त रेघेवर न करता तिच्या चारही बाजूंना बरंच लांबपर्यंत करत न्यावं लागतं, नाहीतर काचेत उथळ वाटी तयार होते आणि ती भिंगासारखी वागते. वीजेचा खांब त्यातून पाहिला की मधोमध वाकतो. कोरड्या पुडीची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क, आणि रबरात घोळ जाऊ नये म्हणून चौकटीला टेप, हे आधीच करून घ्यावं.

प्रवाशाच्या बाजूच्या खिडकीत थोडी वाटी राहिली तरी कुणाचं अडत नाही. चालकाच्या समोरच्या काचेवर मात्र नजरेच्या पट्ट्यात खोल चरा घासून काढण्याचा मोह टाळावा. समोरचं वाहन किती लांब आहे याचा अंदाज चालक त्याच पट्ट्यातून घेतो. तिथे काच बदलणं हाच उपाय, कितीही महाग वाटला तरी.

घासल्याने काच कमजोर होते का

हा प्रश्न रास्त आहे. १९२० च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने दाखवून दिलं, की काच तिच्या गणिती ताकदीच्या कितीतरी आधी तुटते, कारण तिच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म भेगांच्या टोकाशी ताण एकवटतो. काचवाला हिऱ्याने रेघ मारून काच त्या रेघेवर तोडतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. म्हणजे चरा हा दिसायला वाईट असतो आणि ताकदीलाही वाईट असतो.

बसच्या बाजूच्या काचा टफन असतात. काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचे झोत मारतात. बाहेरचा थर आधी आक्रसून घट्ट होतो, आतला नंतर. परिणामी दोन्ही पृष्ठभाग कायमचे दाबात राहतात आणि गाभा ताणात. दाबातली भेग उघडत नाही, म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते. हा दाबाचा थर दोन्ही बाजूंनी जाडीच्या सुमारे एक पंचमांश असतो. पाच मिलिमीटरच्या काचेत म्हणजे साधारण एक मिलिमीटर. खिडकीवर कोरलेली नावं सहसा केसाच्या जाडीच्या आसपास खोल असतात. तेवढी काच झिजवली तरी दाबाचा थर मोठ्या प्रमाणात शाबूत राहतो. चरा कधी गाभ्यापर्यंत पोचलाच, तर तो घासायचा की नाही हा प्रश्न उरत नाही, कारण त्याच क्षणी आख्खी काच बारीक चौकोनी तुकड्यांत फुटते. याच कारणामुळे टफन काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही. मापाची नवीच घ्यावी लागते. काचेच्या कोपऱ्यातला आयएसआयचा शिक्का आणि आयएस २५५३ हा मानकाचा क्रमांक बदललेल्या काचेवरही आहे ना, एवढं डेपोने पाहावं. स्वस्तात साधी काच बसवली तर अपघातात तिचे सुरे होतात.

फिल्म लावली तर?

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने १९८४ मध्ये एक नियम धरला. रंगवलेला डबा स्वच्छ झाल्याशिवाय सेवेत जाणार नाही. लिहिणाऱ्याला आपलं नाव शहरभर फिरताना दिसलंच नाही, तर लिहिण्यातली मजा जाते, असा त्यामागचा विचार होता. १२ मे १९८९ रोजी शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून निघाला. नंतर लिहिणारे रंगाकडून चऱ्यांकडे वळले आणि पुढे आम्लाकडे, कारण ते पुसता येत नाही. तेव्हा काचेच्या आतून पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म लावण्याचा उपाय पुढे आला. चरे फिल्मवर पडतात, फिल्म सोलून नवी लावली की खाली काच कोरी. पॉलिशिंगपेक्षा हे काम कितीतरी झटपट होतं.

आपल्याकडे यात कायद्याचा भाग आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश गेला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर वरून फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढे नियमात बदल होऊन प्लास्टिकचा थर असलेल्या 'सेफ्टी ग्लेझिंग'ला जागा मिळाली आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्या बदलाचा अर्थ फिल्मच्या बाजूने लावला. म्हणून एखाद्या डेपोने स्वतःच्या मनाने फिल्मचे रोल आणून लावू नयेत. आरटीओकडून लेखी विचारून घ्यावं.

माझी दुसरी काळजी त्याहून मोठी आहे. टफन काच संकटात हातोडीने फोडता येते आणि तुकडे गळून वाट मोकळी होते. फिल्म लावली तर काच फुटते, पण तुकडे फिल्मला धरून राहतात. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर मिरची हॉटेल चौकात पेटलेल्या खासगी बसमध्ये माणसं होरपळून गेली, हे नाशिक विसरलेलं नाही. आपत्कालीन खिडकीवर फिल्म नको. तिच्यावर कुणी बदाम कोरले असतील तर असू देत. उघडते ना, हातोडी जागेवर आहे ना, हे आधी.

डेपोत काय लागेल

सार्वजनिक मालमत्तेची नासधूस हा १९८४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी खिडकीवर नाव कोरणाऱ्या शाळकरी मुलामागे पोलीस लावून काचा स्वच्छ होणार नाहीत. जुलै २०२१ मध्ये शहर बससेवा महापालिकेच्या महामंडळाकडे आली आणि २०२७ च्या सिंहस्थात देशभरचे भाविक याच गाड्यांतून आणि एसटीतून फिरणार आहेत. त्याआधी पॉलिशिंगचं महागडं मशीन घ्यावं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर नाही असं आहे. आधी पाणी. काचेवर हात फिरवण्यापूर्वी धूळ वाहून जाईल इतकं पाणी, शक्यतो जड नसलेलं, मग मायक्रोफायबरचं स्वच्छ कापड किंवा रबराचा वायपर. कर्मचाऱ्यांना हातमोजे, आणि घाईची एक फेरी कमी करून मिळालेला वेळ. मे महिन्यात सगळ्या सरकत्या खिडक्यांची चॅनेलं ब्रशने साफ करून झिजलेलं अस्तर बदलायचं. वायपरची पाती पहिल्या पावसाआधी नवी. रोज रात्री गाडी आत आली की मार्कर आणि स्टिकर त्याच रात्री काढायचे, कारण एका नावाशेजारी दुसरं नाव लिहायला कुणाला संकोच वाटत नाही. एवढं वर्षभर नीट चाललं आणि तरीही चरे वाढतच गेले, तर मग मशीनचा विचार.

प्रवाशाने रुमालाने काच पुसायची असेल तर बाटलीतलं थोडं पाणी आधी काचेवर घालावं. आणि समोरच्या काचेवर चालकाच्या नजरेत येणारा चरा दिसला, तर उतरताना कंडक्टरला सांगावं, गाडीचा नंबर टिपून तक्रारही द्यावी. आतल्या बाजूच्या बदामांची तक्रार नाही केली तरी चालेल.